जुन्या गाडीचं लाकडी स्टीअरिंग तडकलंय? पॉलिश मारण्याआधी हे वाचा

विंटेज गाड्यांची रॅली निघाली की लोक फोटो कशाचे काढतात? मोठाल्या गोल हेडलाइट्सचे, चकचकीत क्रोमचे, बॉनेटवरच्या छोट्या मूर्तीचे. पण गाडी चालवणाऱ्याचे हात पूर्ण वेळ ज्या एका गोष्टीवर असतात, ती म्हणजे स्टीअरिंग. ते लाकडी असेल, तर इतक्या वर्षांत त्याने घाम, ऊन आणि पावसाळे असं सगळंच सोसलेलं असतं.

मग एक दिवस मालकाच्या लक्षात येतं की पॉलिश उडालंय, सांध्यात चीर पडलीय आणि वळण घेताना हाताला काहीतरी टोचतंय. गाडी जवळच्या सुताराकडे जाते. तो स्टीअरिंग मशीनने घासतो, चिरेत लांबी भरतो आणि वर चकचकीत पॉलिशचे दोन हात मारतो. आधी-नंतरचं रील भारी दिसतं. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच चीर त्याच जागी परत उघडते आणि घासून गेलेलं लाकूड मात्र परत येत नाही.

कारण लाकडी स्टीअरिंगचं खरं दुखणं पॉलिशमध्ये नसतं, सांध्यात असतं. भिवंडीसारख्या शहरात ते जास्तच जाणवतं. खाडीजवळचं हे शहर, पावसाळ्यात चार महिने ओल आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली भट्टी. ज्या निजामपूरचं नाव थेट भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेच्या नावात आहे, त्या निजामपुऱ्यात कुणाच्या शेडमध्ये अशी जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर तिचं स्टीअरिंग नीट कसं करायचं? टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

मुळात स्टीअरिंगला लाकूड आलं कुठून?

सुरुवातीच्या मोटारींना गोल स्टीअरिंग नव्हतंच. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असायचा आणि तो डावी-उजवीकडे ढकलून गाडी वळवायची. १८९४ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची स्पर्धा झाली. त्यात आल्फ्रेड व्हाशेरों या स्पर्धकाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक लावलं. गोल स्टीअरिंगचं हे सगळ्यात जुनं उदाहरण मानलं जातं. पुढच्या काही वर्षांत दांडा मागे पडला आणि चाक कायमचं आलं.

या चाकाचा कडेचा गोल भाग, म्हणजे रिम, लाकडाची करायची पद्धत पडली. कारण सरळ होतं. बग्ग्या आणि घोडागाड्या बनवणारे कारागीर लाकडात तरबेज होते. शिवाय धातू उन्हात चटका देतो, थंडीत गारठतो. लाकडाचं तसं होत नाही. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीच्या सुरुवातीच्या काळातल्या स्टीअरिंगलाही लाकडी रिम होती.

पुढे कडक रबर आणि प्लास्टिक आलं आणि साध्या गाड्यांतून लाकूड गेलं. ते परत आलं १९५०च्या दशकात आणि यावेळी शौक म्हणून. इटलीच्या एन्रिको नार्दी यांच्या कारखान्यातली लाकडी स्टीअरिंग रेसिंगच्या आणि महागड्या गाड्यांत दिसू लागली. १९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपचं लाकडी रिम आणि भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या तीन आऱ्यांचं स्टीअरिंग तर त्या गाडीची ओळखच बनलं.

आधी खात्री करा, ते लाकूडच आहे ना?

हा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. भारतात जास्त दिसणाऱ्या जुन्या गाड्या म्हणजे मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियरच्या फियाट आणि हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बेसेडर. त्यांचं मूळ स्टीअरिंग सहसा लोखंडी सळईवर चढवलेल्या कडक प्लास्टिकचं असायचं. काही हौशी मालकांनी नंतर लाकडी स्टीअरिंग बसवून घेतलं, तर काही ठिकाणी प्लास्टिकवरच लाकडाच्या रेषा रंगवलेल्या असतात.

ओळखायचं कसं? आऱ्याजवळचा, सहज न दिसणारा भाग भिंगाने बघा. लाकडात बारीक छिद्रं आणि रेषा दिसतात, आणि त्या जोडापाशी दिशा बदलतात. प्लास्टिकमध्ये रेषा फक्त वरच्या थरात असतात आणि चीर पडली की आतली लोखंडी सळई दिसते. प्लास्टिकची दुरुस्तीही इपॉक्सीनेच होते, पण पॉलिश, घासणं आणि सुकवणं यांचे खाली दिलेले नियम तिला लागू होत नाहीत.

आणखी एक गोष्ट. गाडीला एअरबॅग असेल, तर स्टीअरिंग घरी उघडायचा विचारही करू नका. एअरबॅगच्या आत स्फोटक पदार्थ असतो.

लाकूड तडकतं का?

इथे थोडं विज्ञान लागतं, पण सोपं आहे.

लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. ओल शोषली की फुगतं, सोडली की आकसतं. पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. रेषांच्या आडव्या दिशेने ते बरंच हलतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात घट्ट बसणारं दार डिसेंबरात सहज लागतं, ते याच कारणाने.

आता स्टीअरिंगची रचना बघा. गोल रिम एका सलग लाकडातून कापली, तर दोन ठिकाणी रेषा आडव्या येतात आणि तिथे ती सहज तुटते. म्हणून रिम लाकडाच्या कमानदार तुकड्यांची करतात. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे तुकड्यांचे सांधे एकमेकांत बसवलेले असतात. काही स्टीअरिंगमध्ये लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवतात. बऱ्याच डिझाइनमध्ये मधोमध धातूची कडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी लाकूड चिकटवून वर रिव्हेट मारलेले असतात.

गोची इथेच आहे. लाकूड ओलीने हलतं आणि धातूवर ओलीचा तसा परिणाम होत नाही. धातू उष्णतेने पसरतो आणि लाकूड त्या प्रमाणात पसरत नाही. दोघांना डिंकाने एकत्र बांधलेलं. दरवर्षी ही ओढाताण होते आणि जिथे डिंक जुना होऊन ठिसूळ झालाय, तिथे सांधा सुटतो.

निजामपुऱ्याच्या हवेत या ओढाताणीला जोर येतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज ८०-९० टक्क्यांवर जाते आणि हिवाळ्यात, उन्हाळ्यात दुपारच्या वेळी बरीच खाली येते. त्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की काचेमागे तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. म्हणजे एकाच वर्षात लाकूड वाफवलंही जातं आणि भाजलंही जातं.

यातून पहिला नियम निघतो. दुरुस्ती भर पावसात करू नका. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. स्टीअरिंग काढल्यावरही ते थेट कामाला घेऊ नका. घरात, सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर दोन-तीन आठवडे लटकवून ठेवा. लाकूड घरातल्या हवेशी जुळलं की खऱ्या चिरा कोणत्या आणि नुसतं पॉलिश कुठे तडकलंय, हे स्पष्ट दिसतं.

स्टीअरिंग काढताना काय बघायचं?

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढची चाकं सरळ ठेवा. मधलं हॉर्नचं बटण उघडा आणि प्रत्येक वायर, स्प्रिंग, वॉशरचा क्रमाने फोटो काढा. जुन्या हॉर्नची एखादी स्प्रिंग हरवली, तर तशीच दुसरी शोधायला महिने जातात.

मधला नट ढिला केला की स्टीअरिंगचा गाभा आणि खालचा दांडा या दोन्हींवर एका रेषेत खूण करा. दोन्हींवर बारीक दाते असतात. परत बसवताना एक दाता चुकला तरी गाडी सरळ जाताना स्टीअरिंग वाकडं दिसतं. नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे ठेवा, म्हणजे स्टीअरिंग अचानक सुटून तोंडावर येणार नाही.

ते निघत नसेल तर पुलर वापरा. खालून हातोडा मारू नका. त्या दणक्याने दांड्याचे बेअरिंग आणि आधीच कमकुवत झालेले सांधे दोन्ही जातात.

जुनं पॉलिश कोणतं? एका कापसाच्या बोळ्यात कळतं

सगळं पॉलिश खरवडायच्या आधी ते कोणतं आहे हे ओळखा. न दिसणाऱ्या जागी पॉलिशवाले वापरतात तो स्पिरिट कापसाला लावून अर्धा मिनिट दाबा. पॉलिश चिकट झालं, तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काहीच झालं नाही, पण लॅकर थिनरने मऊ पडलं, तर ते एनसी लॅकर. दोन्हींनी फरक पडला नाही, तर ते तेलाचं व्हार्निश किंवा पॉलीयुरेथेन, म्हणजे पीयू.

याचा फायदा काय? लाखेचं पॉलिश असेल तर ते घासायची गरजच नसते. स्पिरिटने मऊ करून सुती कापडाने पुसून काढता येतं आणि लाकडाचा एक कणही जात नाही. बाकीच्यांसाठी पेंट रिमूव्हर चालतो. हीट गन शक्यतो नको. ती पॉलिशबरोबर सांध्यातला डिंकही सोडवते.

जुन्या रंगात आणि व्हार्निशमध्ये शिसं असू शकतं. त्यामुळे हातमोजे आणि चांगला मास्क वापरा, काम उघड्या हवेत करा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

रिव्हेट किंवा लोखंडाजवळ लाकूड काळं पडलं असेल, तर तो लोखंडाचा डाग असतो. तो घासून जात नाही. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने तो फिका होतो. हे विषारी असतं, त्यामुळे जपून वापरा, नंतर ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसा आणि लाकूड पुन्हा पूर्ण सुकू द्या.

चीर भरायची नाही, जोडायची

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. चिरेत लांबी भरणं म्हणजे तुटलेल्या हाडावर पावडर लावणं. ती फट झाकते, भार घेत नाही.

तीन प्रकारचं नुकसान सहसा दिसतं आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

*केसासारखी बारीक चीर.* हेअर ड्रायरने लाकूड किंचित कोमट करा आणि पातळ इपॉक्सी चिरेवर सोडा. लाकूड गार होताना इपॉक्सी आत ओढलं जातं. दोन-तीन वेळा करावं लागतं.

*सुटलेला सांधा.* तो अर्धवट उघडून आतला जुना डिंक पातळ पात्याने काढा. डिंक तसाच ठेवला, तर नवं इपॉक्सी लाकडाला न चिकटता त्याला चिकटतं. आधी काहीही न लावता सांधा दाबून बघा. हाताच्या ताकदीने फट पूर्ण बंद होत नसेल, तर आत अजून कचरा आहे. बंद होत असेल तरच इपॉक्सी लावा.

*निघून गेलेला तुकडा.* इथे नवं लाकूड बसवावं लागतं. महोगनी, अक्रोड किंवा बीच, जे मूळ असेल तेच लाकूड मिळवायचा प्रयत्न करा. रंग थोडा वेगळा असला तर स्टेनने जुळतो, पण रेषांची दिशा चुकली तर ते कधीच लपत नाही आणि जोडही कमजोर राहतो. तुकडा सरळ काटकोनात कापून लावू नका. लांब तिरका काप घ्या, म्हणजे चिकटायला जास्त जागा मिळते. सागाचा तुकडा वापरायचा झाला, तर चिकटवण्याच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसा. सागात नैसर्गिक तेल असतं आणि ते डिंक धरू देत नाही.

लाकूड धातूच्या कडीपासून सुटलं असेल, तर कडीचा गंज किंवा ॲल्युमिनियमचा पांढरा थर खरवडा, पृष्ठभाग खडबडीत करा आणि लगेच चिकटवा. उशीर केला की थर परत धरायला लागतो.

गोल वस्तूला क्लॅम्प नीट बसत नाही. त्यावर स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. तिच्या इंचभर रुंद पट्ट्या कापा, सांध्यावर आधी प्लास्टिकचा कागद गुंडाळा आणि वरून ट्यूब ताणून ताणून वेढा. सगळ्या बाजूंनी सारखा दाब बसतो आणि लाकडावर वळही उठत नाहीत. किमान २४ तास हात लावू नका.

मग पांढरा फेव्हिकॉल का नको? फर्निचरला तो उत्तम. पण तापलेल्या गाडीत साधा पांढरा डिंक मऊ पडतो आणि सततच्या ताणाखाली सांधा हळूहळू सरकतो. झटपट चिकटणारा डिंकही नको. तो ठिसूळ असतो आणि हादऱ्यांनी सुटतो. दोन भागांचं, हळू सुकणारं इपॉक्सी या कामाला जास्त योग्य. अर्थात साधं इपॉक्सीही खूप उष्णतेत मऊ होतं, त्यामुळे दुरुस्तीनंतरही गाडी सावलीतच उभी करा.

सगळे सांधे पक्के झाले की उरलेल्या बारीक खळग्यांत त्याच लाकडाचा बारीक भुसा इपॉक्सीत कालवून भरता येतो. लांबीचं काम एवढंच आणि तेही शेवटी.

घासणं: यंत्रमागाच्या धोट्याकडून शिकण्यासारखं

भिवंडीत लाकूड आणि हात यांचं नातं नवीन नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रमागावर बाण्याचं सूत घेऊन जाणारा धोटा कठीण लाकडाचा असतो आणि मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जातो. त्याला एक कुसळ जरी उभं राहिलं, तरी ताण्याचे धागे तुटतात. म्हणून मागावर काम करणारा माणूस धोट्यावर बोट फिरवून बघतो. डोळ्याला न दिसणारं कुसळ बोटाला कळतं.

स्टीअरिंगची परीक्षाही तीच. डोळे मिटून पूर्ण रिमवरून बोटं फिरवा. अडकलं तिथेच घासा, बाकीचं सोडा.

मशीन वापरू नका. रिमच्या मागच्या बाजूला बोटांसाठी खाचा असतील, तर त्या मशीनखाली दोन मिनिटांत सपाट होतात आणि रिम एका ठिकाणी जाड, दुसऱ्या ठिकाणी बारीक होते. हातानेच, रेषांच्या दिशेने घासा. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात पुरेशी असते, मग २४० आणि शेवटी ३२०. जोडलेल्या जागी इपॉक्सी उंच राहिलं असेल, तर तिथेच १२० वापरा. बूट पुसतात तशी पट्टी आडवी ओढली की काम पटकन होतं, पण तिचे ओरखडे स्टेन लावल्यावर उठून दिसतात.

ॲल्युमिनियमच्या आऱ्यांना आधी टेप लावा. त्यांना चकाकी द्यायची असेल, तर लाकडावर पॉलिशचे पहिले हात सुकल्यावर द्या. कोऱ्या लाकडात धातूची काळी मळी शिरली की निघत नाही.

वरचं पॉलिश कोणतं?

भारत लाखेच्या उत्पादनात जगात पुढे आहे आणि लाखेच्या पॉलिशची ऊब दुसऱ्या कशाला नाही. पण स्टीअरिंगवर ते एकटं टिकत नाही. घाम आणि ओलीने पांढरं पडतं, आणि हँड सॅनिटायझर लावून लगेच स्टीअरिंग धरलं तर चिकट होतं, कारण त्यातल्या अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

रोज नाही, पण अधूनमधून चालणाऱ्या गाडीसाठी मधला मार्ग चांगला. खाली मेण काढलेल्या लाखेचे एक-दोन पातळ हात आणि वर पीयूचे पाच-सहा पातळ हात. लाखेत मेण असेल तर पीयू वरून सुटतं, म्हणून मेण काढलेलीच घ्या. ऊन लागणार असेल तर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारं पीयू निवडा. प्रत्येक दोन हातांमध्ये ४०० नंबरने हलकं घासून पुसून घ्या.

मागांच्या वस्तीत आणखी एक अडचण असते. हवेत सुताचे बारीक तंतू तरंगतात आणि ओल्या पॉलिशवर बरोबर बसतात. त्यामुळे माग बंद असताना काम करा, खोलीत आधी पाण्याचा हलका फवारा मारा, तो बसू द्या आणि स्टीअरिंग गाभ्यातून तार घालून लटकवा. पाऊस असेल त्या दिवशी पॉलिश मारूच नका. लाख आणि लॅकर दोन्ही दमट हवेत दुधाळ होतात.

पूर्ण आरशासारखी चकाकी दिसायला छान, पण घामेजल्या हाताखाली निसरडी. सॅटिन फिनिशवर पकड चांगली बसते.

कधी दुरुस्त करायचं नाही?

धातूच्या कडीला किंवा आऱ्याला तडा गेला असेल, गाभ्यातले दाते झिजले असतील किंवा रिम आऱ्यांवर हलत असेल, तर तो सुतारकामाचा विषय राहत नाही. चालत्या गाडीत स्टीअरिंग हातात आलं तर ब्रेक दाबण्यापलीकडे काही उरत नाही. असं स्टीअरिंग भिंतीवर लावा आणि गाडीला दुसरं बसवा. दुरुस्त केलेलं स्टीअरिंगही गाडीला लावण्याआधी दोन्ही हातांनी पिळून, ओढून, दाबून तपासा. बारीकसा "कट" आवाज आला, तरी सांधा परत उघडा.

मूळ लाकूड वाचवण्याचा एवढा आग्रह का?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली दुचाकी-चारचाकी वाहनं यात येतात. त्यांच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

म्हणजे कायदाही जुन्या गाडीकडे वारसा म्हणून बघायला लागलाय आणि त्याचा पाया 'मूळ स्वरूप' हा आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फीवा हिची ट्यूरिन सनदही हेच सांगते, की जितकं मूळ आहे तितकं जपा आणि बदललंय त्याची नोंद ठेवा. म्हणून काढताना, जोडताना, पॉलिश मारताना फोटो काढून ठेवा. निघालेला जुना तुकडा फेकू नका, पाकिटात घालून कागदपत्रांबरोबर ठेवा.

थोडक्यात काय?

काम खरं तर सात-आठ दिवसांचं, पण लाकूड आणि पॉलिश सुकण्याची वाट धरली तर दीड-दोन महिने जातात. दिवाळीनंतर स्टीअरिंग काढलं तर संक्रांतीपर्यंत ते परत गाडीवर चढू शकतं. वेळेचा मोठा भाग सुकवण्यात आणि सांधे जोडण्यात जाऊ द्या, घासण्यात कमीत कमी. पॉलिश दर काही वर्षांनी नवं मारता येतं. घासून उडवलेला दोन मिलिमीटरचा थर आणि त्यावरची आजोबांच्या हातांची झीज कुठल्याच दुकानात मिळत नाही.